माळावर सोडलेली पिल्ले

बार्शीच्या रस्त्याने सोलापूरबाहेर पडले की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून १९७९ सालापासून ह्या गावाचे नाव वह्या-पुस्तकांत आले. माळढोक आता तिथे दिसेनासाच झाला आहे. परंतु माळ आहे, काळवीट आहेत, लांडगे आहेत आणि मांजराहून थोडे मोठे, काळ्या शेपूटगोंड्याचे खोकड आहे. गवतातले किडे, वाळवी, उंदीर, पडलेली बोरे, जे मिळेल ते खाऊन हा प्राणी जोडीने राहतो, बीळ करून पिल्ले वाढवतो आणि माणसाच्या वाटेस जात नाही. मी मात्र एकदा त्याच्या वाटेस गेलो. ती हकीकत सांगायची आहे. इतरांची कबुली ऐकण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. स्वतःची सांगताना शब्द शोधावे लागतात.

२०१० साली मी सोलापुरात साहाय्यक धर्मगुरू होतो. आवारात एक पिवळसर कुत्री राहत असे. तिला कोणी पाळले नव्हते आणि कोणी हाकललेही नव्हते. दिवाळीच्या सुमारास स्वयंपाकघरामागच्या सरपणात ती व्याली, सहा पिल्ले. मुले शाळा सुटली की त्यांच्याभोवती जमत. मग एका पालकाने तक्रार केली, दुसऱ्याने तीच पुन्हा केली, आणि ‘ह्यांचा काहीतरी बंदोबस्त करा’ असा निरोप माझ्यापर्यंत पोहोचला. पिल्ले दोन महिन्यांची झाली तेव्हा एका सकाळी मी ती केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात भरली आणि जीप काढली. स्वयंपाकाच्या मावशी दारात उभ्या होत्या. ‘फादर, अजून लई बारकी हायत. राहू द्या की अजून थोडं,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावले की, माळावर मोकळी हवा आहे, धनगरांचे वाडे आहेत, वस्त्या आहेत, कोणी ना कोणी भाकरीचा तुकडा टाकीलच. हे सांगताना मला ते खरेच वाटत होते. नान्नजच्या अलीकडे एका बाभळीखाली खोके आडवे केले. दोन पिल्ले जीपच्या मागे काही अंतर पळत आली, ती आरशात दिसली. पुढे वळण होते.

त्यानंतर माझी बदली झाली आणि ही गोष्ट मी विसरलो. विसरलो असे म्हणणे सोयीचे आहे. आठवण्यासारखे त्यात काही आहे असे मला वाटलेच नाही. सोलापुरातल्या किती घरांनी, किती दुकानांनी पिल्ले अशीच गावाबाहेर नेऊन सोडली असतील!

येथे मला थोडे मागे आणि बरेच दूर जावे लागेल. २००२ साली मी शिक्षणासाठी जर्मनीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले धर्मगुरू रजेवर जातात आणि आमच्यासारखे परदेशी विद्यार्थी त्यांच्या जागी महिनाभर काम पाहतात. त्या ऑगस्टमध्ये माझ्या वाट्याला उत्तर समुद्राच्या काठचे एक छोटे गाव आले. ओहोटी लागली की तिथला समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरकतो आणि चिखलाचे सपाट मैदान उघडे पडते. सोलापूरच्या माणसाला ते पाहून माळरानच आठवावे. त्या चिखलावर व वाळूच्या उंचवट्यांवर सील पहुडलेले असतात. आपल्याकडे कोणी त्याला सील मासा म्हणतात. पण तो मासा नव्हे, पिल्लांना दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे. जर्मन भाषेत त्याला ‘झेहुंट’ म्हणतात, म्हणजे समुद्रातला कुत्रा. हे नाव नुसते कोळ्यांच्या कल्पनेतले नाही. प्राण्यांच्या वंशावळीतही सीलचे घराणे कुत्र्या-अस्वलांच्याच शाखेवर येते.

त्या वर्षी ते मरत होते. सकाळी बांधावरून चालायला गेलो की भरतीरेषेवर एखादा काळसर, फुगलेला देह दिसे. पालिकेची माणसे हातमोजे घालून ते उचलीत. एकदा मला जिवंत सील दिसला. माणूस दिसताच जो पाण्यात घसरायचा, तो वाळूवर तसाच पडून होता. डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट स्राव येत होता आणि तो खोकत होता. दम्याच्या म्हाताऱ्या माणसासारखा हुबेहूब खोकला. मी काही पावलांवर उभा राहिलो. माझ्या घरमालकीण बाई, ज्यांच्याकडे मी जेवत असे, म्हणाल्या की, हे १९८८ साली झाले होते तसेच आहे. आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

ह्या रोगाचे नाव मला तिथेच कळले. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर आपण ऐकलेला असतो. हा त्याचाच सख्खा भाऊ, सीलांचा डिस्टेंपर. १९८८ च्या साथीत तो प्रथम शास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि त्याला वेगळे नाव मिळाले. त्या साथीत युरोपच्या किनाऱ्यावर सुमारे २३ हजार सील मेले. २००२ च्या साथीत सुमारे ३० हजार. दोन्ही वेळा आरंभ झाला तो डेन्मार्कच्या आन्होल्ट ह्याच बेटावर. ह्या विषाणूंचे कुटुंब आपल्या ओळखीचे आहे. माणसातला गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर हे सारे एकाच गोत्रातले. आमच्या आजोळी बुळकांडीने एका पंधरवड्यात गोठे ओस पडल्याची गोष्ट आजी सांगत असे. ती बुळकांडी आता पृथ्वीवर राहिलेली नाही. भारत २००६ साली तिच्यापासून मुक्त झाला आणि २०११ साली सारे जग. माणसाने समूळ नष्ट केलेले रोग आजवर दोनच, देवी आणि बुळकांडी. पण देवीचे कौतुक आपण करतो, बुळकांडीचे कोणी करीत नाही.

मला त्या उन्हाळ्यात एका प्रश्नाने घेरले होते. त्याच वाळूवर दोन जातींचे सील राहतात. एक लहान, ठिपक्यांचा. दुसरा मोठा, लांब नाकाडाचा, करड्या रंगाचा. मरत होते ते बहुतेक सगळे ठिपक्यांचे. करड्यांनाही विषाणूची लागण होत होती, परंतु ते क्वचितच मरत. उत्तर ध्रुवाकडच्या हार्प सीलांच्या रक्तात तर १९८८ च्या आधीपासूनच ह्या रोगाच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे, आढळल्या आहेत. तो त्यांच्यात जुनाच, घरचाच असावा. १९८७ च्या सुमारास हे हार्प सील मोठ्या संख्येने नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेस उतरले होते, आणि त्यांनीच तो आणला असावा असे पुष्कळांचे मत आहे. ज्याने आणला त्याला काही झाले नाही. ज्याच्या घरात आणला त्याचे घर बसले.

ह्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला सीलांच्या नव्हे, माणसांच्या गोष्टीत मिळाले. १८४६ साली अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर पोहोचला. बेटांवर पावणेआठ हजारांच्या आसपास वस्ती. त्यांतले सुमारे सहा हजार लोक काही महिन्यांत आजारी पडले. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला. त्याच्या ध्यानात आले की, वस्तीतले अगदी वृद्ध लोक तेवढे वाचले आहेत. ६५ वर्षांपूर्वी, १७८१ साली, बेटांवर गोवर येऊन गेला होता. ज्यांना तो बालपणी झाला होता त्यांच्या शरीराने तो लक्षात ठेवला होता. मधल्या ६५ वर्षांत जन्मलेल्या कोणाचीच त्याच्याशी ओळख नव्हती. ठिपक्यांच्या सीलांचेही तसेच. १९८८ नंतर जे वाचले ते त्या रोगाला ओळखून होते. पण पुढच्या १४ वर्षांत ते म्हातारे होऊन मेले, हजारो नवी पिल्ले जन्मली आणि २००२ साली विषाणू परत आला तेव्हा किनारा पुन्हा अनोळखी जिवांनी भरलेला होता.

शास्त्रज्ञांनी आणखीही एक गोष्ट तपासली. नेदरलँड्समध्ये सीलांचे दोन गट केले, प्रत्येकी ११. एका गटाला दोन वर्षांहून अधिक काळ अटलांटिकच्या तुलनेने स्वच्छ पाण्यातले हेरिंग मासे दिले, दुसऱ्याला बाल्टिक समुद्रातले, ज्यांत कारखान्यांतून वाहून आलेली रसायने साचलेली होती. बाहेरून दोन्ही गट सारखेच दिसत. पण बाल्टिकचे मासे खाणाऱ्यांची प्रतिकारशक्ती रक्ताच्या चाचण्यांत दुबळी ठरली. साथीचे सारे खापर रसायनांवर फोडता येत नाही. हार्प सीलांशी शेजार नसता तर नुसत्या घाणीने डिस्टेंपर झाला नसता. तरीही आपल्या कारखान्याचे पाणी कोणाच्या रक्तात जाऊन बसते, हे त्या प्रयोगाने दाखवले ते दाखवलेच.

हे सारे मी वहीत टिपून ठेवले होते, आणि वही ट्रंकेत होती. २०२१ साली मी पुन्हा सोलापुरात आलो, ह्या वेळी धर्मग्रामाचा प्रमुख म्हणून. आवारातली ती पिवळसर कुत्री अर्थात नव्हती. तिच्याच रंगाची दुसरी होती. मावशी होत्या. एके दिवशी आमच्यातलाच एक मुलगा, प्राणिशास्त्र शिकणारा, एक छापील निबंध घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजी समजून घ्यायला मदत हवी होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेला तो निबंध अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर ह्या तीन संशोधकांचा, आणि विषय नान्नजचा! अभयारण्यातली व भोवतालची मोकाट कुत्री आणि खोकडे ह्यांच्यातले विषाणूजन्य रोग. त्यांनी २१९ कुत्र्यांचे आणि ३३ खोकडांचे रक्त तपासले होते. डिस्टेंपरच्या खुणा कुत्र्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिकांत सापडल्या. खोकडांत अवघ्या १८ टक्क्यांत.

तो मुलगा म्हणाला, ‘म्हणजे फादर, खोकडांना हा रोग कमी होतो ना?’ मीही क्षणभर तसेच समजलो. मग पुढचा परिच्छेद वाचला. कुत्र्यांच्या रक्तातली खूण म्हणजे आजारपण नव्हे. ते होऊन गेलेल्या, पचवलेल्या आजाराचे चिन्ह आहे. गावातली मोठी कुत्री बहुतेक सारी ह्या रोगातून केव्हाच पार झालेली असतात. तो आता त्यांना मारीत नाही. आणि ज्या खोकडांच्या रक्तात रोग चालू असल्याचा पुरावा मिळाला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे निघाले. खूण थोड्यांत दिसते, कारण खूण अंगावर घेऊन जगलेले थोडे.

मी त्या मुलाला वाळूवर खोकणाऱ्या सीलाची गोष्ट सांगितली. करडा सील आणि ठिपक्यांचा सील. गावचे कुत्रे आणि माळावरचे खोकड. त्याने लगेच गीरच्या सिंहांचे उदाहरण दिले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यात डिस्टेंपर सापडला. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ साली एक तृतीयांश सिंह गेले. तिथेही संशय भोवतालच्या गावकुत्र्यांवर. सैबेरियातल्या बैकाल सरोवरातले सील तर १९८७-८८ मध्ये हजारोंनी मेले ते आपल्या साध्या कुत्र्यांच्याच डिस्टेंपरने. गोड्या पाण्यात, समुद्रापासून कित्येक शे कोस दूर राहणाऱ्या त्या सीलांपर्यंत कुत्र्यांचा रोग पोहोचला!

त्याच संशोधकांनी पुढे ह्या भागातल्या काही गावांत कुत्र्यांना लस टोचूनही पाहिली. मला वाटले होते, झाले, हाच उपाय. रविवारी मिस्सानंतर जाहीर करावे, वर्गणी काढावी, पशुवैद्यांना बोलवावे. त्यांचा निष्कर्ष मात्र वेगळाच होता. मोठ्या कुत्र्यांना लस देऊन फारसे काही साधत नाही, कारण त्यांतली बहुतेक आधीच सुरक्षित आहेत. रोग धुमसत राहतो तो नव्याने जन्मणाऱ्या पिल्लांत. हा विषाणू अंगाबाहेर, उन्हात फार वेळ टिकत नाही. त्याला सतत नवे, कोरे शरीर लागते. खोकडे संख्येने इतकी थोडी की, त्यांच्यात तो वर्षानुवर्षे राहूच शकणार नाही. गावागावांत पिल्ले होत राहतात म्हणून तो राहतो.

त्या रात्री मी पशुवैद्यकाचे एक पुस्तक चाळीत बसलो होतो. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळते. ते जन्मभर पुरत नाही. दीड महिन्यानंतर ओसरू लागते आणि तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत संपते. लसीचे पहिले टोचण म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात आणि पुढे पुन्हा द्यावे लागते. मी पुस्तक मिटले. दोन महिने. मी खोके आडवे केले तेव्हा त्या सहा पिल्लांचे आईचे दूध नुकते तुटले होते आणि तिने दिलेले कवच विरत होते. डिस्टेंपरला ज्या वयाचे शरीर हवे असते, नेमक्या त्या वयाची सहा शरीरे मी शहरातून उचलून खोकडांच्या घरात नेऊन ठेवली होती.

त्या पिल्लांमुळे एखादे खोकड मेले, असे मी म्हणू शकत नाही. ती निरोगी होती. कदाचित लांडग्याने पहिल्याच रात्री नेली असतील. कदाचित एखाद्या वाड्यावर मेंढरे राखीत म्हातारी झाली असतील. परंतु हा युक्तिवाद मी स्वतःशी जितक्या वेळा केला, तितक्या वेळा तो मला वाणी-उदम्याच्या हिशोबासारखा वाटला.

गेल्या थंडीत मी नान्नजला गेलो. बाभळ ओळखता आली नाही. रस्ता रुंद झाला आहे. एका वाड्यावर मेंढरे बसली होती. म्हातारे धनगर मामा घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते. मी ‘राम राम, मामा’ म्हटले. त्यांनी पाणी दिले. खोकडांचा विषय काढताच ते म्हणाले, ‘हायत की. पर आता कमी दिसत्यात.’ मग थोड्या वेळाने आपणहोऊन सांगू लागले, ‘एका साली एक खोकड भर उन्हाचं वाड्यात शिरलं बघा. माणसाला भ्यायचंच न्हाई. दारू पिल्यागत पडायचं, उठायचं. तोंड आपलं चावत ऱ्हायलेलं, आन् तोंडात तर काय बी न्हाई. डोळं चिकटल्यालं. आमाला वाटलं पिसाळलं. पोरानं काठीनं मारलं.’ मी विचारले, कुठल्या साली? ‘साल कुठलं ध्यानात ऱ्हातंय, सायेब. पोराचं लगीन व्हायच्या आदी.’ पोराचे लग्न केव्हा झाले ते मी विचारू शकलो असतो. विचारले नाही.

त्यांच्या वाड्यावर चार कुत्री होती. धिप्पाड, कानांना लांडग्याच्या दातांच्या खुणा. त्यांच्याकडे पाहताना माझ्या मनात आले की, ह्यांच्या प्रत्येक वेतातली किती पिल्ले गेली असतील तेव्हा ही चार अशी उभी आहेत. मी मामांना पिल्लांविषयी विचारले. ‘सहातली दोन जगली म्हंजी लई झालं,’ ते म्हणाले. बाकीची कुठे जातात, हे त्यांना विचारण्यासारखे वाटले नाही, आणि मलाही नाही.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. कुत्र्यांवर राग धरावा असे ह्यात काही नाही, आणि कोणी हे वाचून काठी उचलणार असेल तर त्याने हा अंक मिटून ठेवावा. हार्प सीलाने सरोवरे-समुद्र ओलांडले ते पोटासाठी. कुत्री माळावर स्वतःहून गेली ती आपल्या उकिरड्यांमागून, आणि काही आपल्या जीपमधून.

आवारातल्या सध्याच्या कुत्रीला यंदा श्रावणात पाच पिल्ले झाली. ह्या वेळी तक्रार यायच्या आतच मी मिस्सानंतर उभा राहिलो आणि सांगितले की, पिल्ले द्यायची आहेत, लस टोचून मगच देऊ, आणि आणून परत सोडायची नाहीत. लोक हसले. तीन घरांनी तीन नेली. चौथे रेल्वे कॉलनीतल्या एका आजींनी नेले. पशुवैद्यांनी आईचीही शस्त्रक्रिया केली. आठवडाभर ती स्वयंपाकघराच्या पायरीवर पट्टी बांधून माझ्याकडे पाठ करून बसत असे. पाचवे पिल्लू लंगडे आहे, ते कोणी नेले नाही. त्याचे तिसरे टोचण पुढच्या मंगळवारी आहे. मावशींनी ती तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवली आहे.

मी तिथे उभा राहून ती वाचीत होतो तेव्हा मावशींनी पातेल्यावरून मान न उचलता विचारले, ‘फादर, त्या टायमाला तुमी ती सहा नेलीत, ती कुठशी सोडलीत?’

मी त्यांना जागा सांगितली.